उघडिपीचा शब्द

एकाच शब्दासाठी माणसाला दोनदा झोडपता येतं. आधी 'हा शब्द होता' असं म्हटलं म्हणून, आणि मग 'हा शब्द नव्हता' असं म्हटलं म्हणून. अग्निया प्लातोनोव्ना लुचीनिना हिला हे चाळिशी उलटल्यावर कळलं. तेही लेनिनग्राडमध्ये, जिथे उपासमार आणि बॉम्ब बघून झाल्यावर आता आणखी काय बघायचं उरलंय, असं तिला वाटत होतं. तोवर ती समजत होती की जुन्या शब्दांची मुळं शोधणं हा जगातला सगळ्यात निरुपद्रवी धंदा आहे. शब्द कुणाला चावत नाहीत, पगार बेताचा मिळतो आणि ग्रंथालयात हिवाळ्यात ऊब असते. याहून माणसाला काय लागतं?

१९५० सालच्या जूनमधली गोष्ट. ट्रामच्या थांब्याजवळच्या भिंतीवर रोजचं वर्तमानपत्र चिकटवलेलं असे. एरवी त्याच्यापुढे फुटबॉलवेडी चारदोन माणसं उभी असायची. त्या दिवशी ही गर्दी.

"काय झालं हो? भाव उतरले का?" जाळीच्या पिशवीत मुळे घेतलेल्या एका म्हातारीने विचारलं.

"नाही आजी, भाषेबद्दल आहे काहीतरी."

"भाषेबद्दल? मला वाटलं लोण्याबद्दल." म्हातारी तोंड वाकडं करून निघून गेली.

अग्निया मात्र माणसांच्या खांद्यांमधून मान घालून वाचत राहिली. लेख लांबलचक होता, आणि खाली देशाच्या सर्वोच्च नेत्याचं नाव वाचून बाजूच्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या. लेखात म्हटलं होतं की भाषांची कुळं असतात. रशियन, बल्गेरियन वगैरे स्लाव भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, हे नाकारता येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं हे नाकारलं आणि खऱ्या अभ्यासकांची तोंडं दाबली, त्यांनी विज्ञानाचं नुकसान केलं.

वाचून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, सहा महिन्यांपूर्वी तिच्या गुरूंनी भरसभेत म्हटलं होतं आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली होती.

तिचे गुरू येर्मोलाय फ्योदोरोविच झावालिशिन. सत्तरी ओलांडलेला, उंच, वाकलेला माणूस. बाहीचं कापड कोपरावर झिजलेलं, मिशीत कायम चहाचा वास. त्यांनी आयुष्याची बारा-पंधरा वर्षं एका शब्दामागे घालवली होती. शब्द हवेचा होता. पावसाची झड थांबावी, आभाळ मोकळं व्हावं, कापलेलं गवत वाळत घालण्याजोगं ऊन पडावं, की प्स्कोवकडचे शेतकरी अजूनही म्हणतात, 'व्योद्रो'! म्हणजे उघडीप. तोच शब्द बल्गेरियात सापडतो, स्लोव्हेनियाच्या डोंगरात सापडतो, जुन्या धर्मग्रंथांत तर आहेच. एवढी भावंडं जर एकच शब्द बोलत असतील, तर घर एक असताना, वाटण्या होण्याआधीही तो बोलला जात असणार, असं झावालिशिन म्हणत. दलदलींच्या आणि नद्यांच्या मुलखात, कुणाला लिहिता येत नव्हतं त्या काळात, 'वेद्रो'. हे मूळ रूप लिहिलेलं कुठे सापडायचं नाही, म्हणून त्यांनी त्याच्या आधी एक बारीकसा तारा काढला होता. या धंद्यात त्या ताऱ्याचा अर्थ असा की, हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पुराव्यावरून ताडलेलं आहे.

इथवर ठीक होतं. पण झावालिशिन आणखी एक पायरी खाली उतरले. जर्मनांचा 'वेटर', म्हणजे हवामान, तो याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे, असं त्यांनी लिहिलं. काही पंडित म्हणत की आम्ही तो जर्मनांकडून उसना घेतला. झावालिशिन म्हणाले, उसना नाही. दोघांच्या आजीच्या घरचा आहे. मुळात त्याचा अर्थ वाहणारा वारा. संस्कृतात 'वाति' म्हणतात, वारा वाहतो, तेच मूळ. पुढे उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांकडे त्याचं वादळ झालं, जर्मनांकडे बरीवाईट सगळीच हवा त्यात आली, आणि आम्ही त्यातली फक्त चांगली हवा ठेवून घेतली.

"बघ पोरी," ते अग्नियाला म्हणायचे, "हजार वर्षं चिखलात राहिलेली माणसं. शब्द राखला तो उन्हाचा. मला हे आवडतं."

आणि नेमकं हेच इतरांना आवडलं नाही.

तेव्हा देशभर एका थोर आणि दिवंगत अकादमी-सदस्याचं शास्त्र चालत होतं. त्याप्रमाणे भाषांना कूळ नसतं, मूळभाषा ही भांडवलदारांची भाकडकथा, आणि जगातले सगळे शब्द अवघ्या चार आदिम आवाजांतून निघालेले. चार! नेवा नदीपासून पॅसिफिकपर्यंत सगळे शब्द या चार ढेकळांचे बनलेले आहेत, असं शिकलेली, चष्मे लावणारी माणसं वर्गात फळ्यावर लिहीत होती. जो लिहीत नव्हता त्याची चौकशी होत होती. अग्नियाही लिहायची, आणि तास संपला की फळा स्वतः पुसायची, फडकं दोनदा ओलं करून.

डिसेंबरात विभागाची सभा लागली. विभागप्रमुख ग्लेब निकानोरोविच त्यूरिन हा माणूस गोरागोमटा, आवाजाने मऊ, खिशात नेहमी पेपरमिंटच्या गोळ्या. तोही एकेकाळी झावालिशिनांचाच विद्यार्थी. वाऱ्याला पाठ कशी द्यायची एवढं सोडून त्यांच्याकडून तो बाकी काही शिकला नव्हता, आणि तेही त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

"साथींनो," त्यूरिन मऊ आवाजात म्हणाला होता, "ज्यांनी या शहराला वेढा घालून उपाशी मारलं, त्यांच्या आभाळाशी आपल्या स्वच्छ आभाळाचं रक्ताचं नातं जोडलं जातंय. याला विज्ञान म्हणायचं का?"

सभागृहात एकही माणूस असा नव्हता ज्याच्या घरातलं वेढ्यात कुणी गेलं नव्हतं. झावालिशिन उभे राहिले. त्यांचा एकुलता मुलगा पुल्कोवोच्या टेकडीखाली पडला होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्या मीत्याला जर्मनांनी मारलं," ते म्हणाले. "शब्दाने नाही मारलं. हा शब्द जन्मला तेव्हा जर्मनही नव्हते आणि आपणही नव्हतो."

मग जे सुरू झालं ते संपेचना. एकामागून एक माणूस उठे, कागद काढी आणि वाचून बसे. कोठाराचा व्यवस्थापकसुद्धा उठला. रशियन लिपीत उघडिपीचा शब्द आणि बादलीचा शब्द अगदी एकसारखे दिसतात. त्या बिचाऱ्याने विषयपत्रिका वाचली होती आणि घाबरून गेला होता. त्याने गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं की इन्स्टिट्यूटच्या सगळ्या बादल्या जागच्या जागी आहेत. कुणी हसलं नाही. हसण्याची वेळच नव्हती ती.

बाहेर अंधार पडला. बायका दाराकडे बघायला लागल्या. कुणाचं मूल शेजारणीकडे, कुणाची आई आजारी. त्यूरिन पुन्हापुन्हा विचारत होता, चूक मान्य आहे का, आणि झावालिशिन पुन्हापुन्हा पुरावे सांगत होते. शेवटी त्यांनी सभागृहाकडे नजर टाकली. ही दमलेली, भुकेली माणसं पाहिली आणि ते खाली बसता बसता म्हणाले,

"अहो, शेवटची ट्राम जाईल तुमची. नव्हता शब्द. झालं? जा आता घरी."

ठराव एकमताने मंजूर झाला. अग्नियानेही हात वर केला. तिला वाटलं, संपलं एकदाचं, म्हाताऱ्यांना घरी पोहोचवू आणि गरम काहीतरी करून घालू. पुढच्या आठवड्यात इन्स्टिट्यूटच्या छापील पत्रकात पहिल्या पानावर आलं: 'स्लाव मूळभाषा आणि तिच्यातला हवेचा तथाकथित शब्द या दोन्ही कल्पना निराधार असल्याचं प्राध्यापक झावालिशिन यांनी धैर्याने मान्य केलं.' ट्रामचा उल्लेख नव्हता. नव्या वर्षात धैर्यवान प्राध्यापकांना प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त करण्यात आलं आणि त्यांचा ग्रंथालयाचा पास काढून घेतला गेला.

आणि आता जून उजाडला होता आणि भिंतीवर हा लेख.

त्या दिवशी विभागात माणसं घरात कुणी गेल्यासारखी हळू बोलत होती. थोर अकादमी-सदस्याचा प्लास्टरचा अर्धपुतळा दुपारपर्यंत टेबलावरून कपाटामागे गेला. पुढे कुणीतरी त्याच्यावर टोपी ठेवायला सुरुवात केली, मग सगळेच ठेवायला लागले. त्यूरिन दोन दिवस आजारी होता. तिसऱ्या दिवशी आला तो मूळभाषेचा कैवारी होऊन. इतक्या सफाईने, की पाहणाऱ्याला आपलीच आठवण चुकते आहे की काय असं वाटावं. सरडासुद्धा रंग बदलायला थोडा वेळ घेतो.

आता येर्मोलाय फ्योदोरोविचना मानाने परत बोलावतील, असं अग्निया उन्हाळाभर धरून चालली होती. ऑक्टोबरात त्यूरिनने तिला खोलीत बोलावलं.

"बसा, अग्निया प्लातोनोव्ना. गोळी घेणार?"

"नको."

"वरून विचारणा आलीय. आपल्याकडे मूळभाषा कुणी नाकारली होती, ते नावानिशी कळवा म्हणतात."

"मग कळवा की. पहिलं नाव तुमचंच."

त्यूरिनला राग आला नाही. त्याला राग कधीच यायचा नाही, हाच त्याचा गुण होता. "माझं? मी अध्यक्ष होतो. अध्यक्ष सभा चालवतो, मत देत नाही. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारले. आता हे बघा." त्याने डिसेंबरचं पत्रक तिच्यापुढे सरकवलं. "मूळभाषा नव्हती, शब्द नव्हता, असं नाव घालून आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये एकाच माणसाने म्हटलंय."

अग्निया आधी हसली. तिला खरंच वाटलं की तो थट्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

"तुम्ही शुद्धीवर आहात ना? पाच-सहा तास उभं करून वदवून घेतलंत त्यांच्याकडून!"

"वदवून? सगळ्यांसमोर, स्वेच्छेने बोलले ते."

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात याला, ग्लेब निकानोरोविच."

"रागावू नका. मी त्यांच्या भल्याचंच बघतोय." त्याने चहाच्या ग्लासात साखर ढवळली. "नोव्हेंबरात सभा घेऊ. ते येतील, मूळभाषा नाकारण्याची चूक झाली म्हणून दोन ओळी वाचतील. सभा त्यांना माफ करेल. माफी झाली की ग्रंथालयाचा पास परत. आणि तो उघडिपीच्या शब्दाचा लेख, चांगला लेख आहे हो तो, तोही आपण छापू."

"त्यांच्या नावाने?"

"विभागाच्या नावाने. सामूहिक काम, संपादन माझं. तुम्हीच विचार करा, ज्याने मूळभाषा नाकारली तोच माणूस मूळभाषा सिद्ध करणाऱ्या लेखाचा लेखक कसा असेल? विसंगती होते ना?"

अग्नियाच्या हाताशी चहाचा ग्लास होता. तो त्या गोऱ्या कपाळावर फेकून मारावा असं तिला इतक्या जोराने वाटलं, की तिने हात मांडीखाली दाबून धरला.

"दोन ओळी तुम्हीच लिहा," त्यूरिन म्हणाला. "तुमचा हात त्यांना चालेल."

तिने लिहिल्या नाहीत. त्यूरिनने स्वतः टाइप केलेला कागद तिच्याकडे दिला आणि तो घेऊन ती लिगोव्का रस्त्यावर, झावालिशिन राहत त्या सहा बिऱ्हाडांच्या फ्लॅटमध्ये गेली. दार शेजारणीने उघडलं. "प्रोफेसर! तुमची बाई आलीय! आणि बोळातला दिवा मालवायला सांगा तिला, मागच्या वेळी जळत राहिला." झावालिशिन सामायिक स्वयंपाकघरात स्टोव्हवर बटाटे उकडत होते. पातेलं खोलीत आणून त्यांनी दोघांसाठी ताटल्या मांडल्या, हेरिंग माशाचा एक तुकडा निम्मा केला, काळा पाव कापला आणि मग चष्मा लावून कागद वाचला. वाचता वाचता पेन्सिल घेऊन दोन स्वल्पविराम दुरुस्त केले.

"ठीक आहे. वाचेन."

"वाचाल? येर्मोलाय फ्योदोरोविच, यात काय लिहिलंय ते कळलं ना तुम्हाला?"

"कळलं. मी मूळभाषा नाकारली. नाकारलीच होती की. तू होतीस तिथे."

"ट्रामसाठी!"

"कारण कुणी विचारत नाही, पोरी. खा, बटाटा निवतोय."

ती खाईना. लेख कुणाच्या नावाने येणार तेही तिने सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला, शेजारणीने भिंतीवर थाप मारली. म्हातारा बराच वेळ बटाट्याचं साल सोलत राहिला.

"येऊ दे," शेवटी ते म्हणाले. "शब्द बाहेर येईल ना? पुरे. ज्याने पहिल्यांदा वर बघून वेद्रो म्हटलं, त्याचं तरी नाव कुणी छापलं?"

"त्याला सभेत उभं केलं नव्हतं कुणी!" ती ओरडली. "त्याला म्हटलं नव्हतं, की तुझं आभाळ तूच नाकारलंस, आता आमची माफी माग!"

ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "मी दहा महिने ग्रंथालयाच्या दाराबाहेरून जातोय. दाराशी बसणारी मात्र्योना मला बघितलं की तोंड फिरवते, लाजते बिचारी. मला अजून पाऊस राहिलाय, धुकं राहिलंय, गारा राहिल्यात. एकेक शब्दाला वर्ष लागतं. अभिमान घेऊन बसलो तर गारांपर्यंत पोहोचेन का मी? तूच सांग."

ती आणखीच संतापली. म्हाताऱ्यावर संतापली, स्वतःवर संतापली, आणि बोळातला दिवा मुद्दाम जळता ठेवून निघून आली.

सभा नोव्हेंबरच्या ओल्या दुपारी भरली. मंचावर लाल कापड घातलेलं टेबल, त्यावर पाण्याची सुरई. समोर दमट ओव्हरकोटांचा वास. झावालिशिनांना पुढच्या ओळीत, कडेच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी मुलाच्या लग्नासाठी म्हणून शिवलेला, पण ते लग्नच न झाल्याने पडून राहिलेला काळा कोट घातला होता. अग्नियाला तो कोट ओळखू आला आणि तिने मान खाली घातली.

त्यूरिनने आधी अर्धा तास भाषांच्या कुळांविषयी भाषण केलं. शब्दन् शब्द झावालिशिनांचा. 'दोघांच्या आजीच्या घरचा' हेसुद्धा त्याने सोडलं नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "दुर्दैवाने आपल्याकडेही काही जण चुकले. पण चूक कबूल करायला मोठं मन लागतं. येर्मोलाय फ्योदोरोविच, या."

म्हातारे उठले. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचलं. सगळं वाचलं, सपाट आवाजात, दुरुस्त केलेल्या स्वल्पविरामांवर नीट थांबत. आपण स्लाव मूळभाषेचं अस्तित्व नाकारलं. तिच्यातला हवेचा शब्द नाकारला. त्यामुळे तरुण अभ्यासकांची दिशाभूल झाली. याबद्दल आपण सभेची क्षमा मागतो.

ज्यांनी डिसेंबरात कागद काढून वाचले होते ती सगळी माणसं इथेच बसली होती, तीच, त्याच खुर्च्यांवर, आणि त्यांतल्या एकालाही खुर्ची बोचत नव्हती. काही जणांनी तर मोठ्या मनाने मान हलवली. माफ करायला किती बरं वाटतं माणसाला!

"ठराव असा," त्यूरिन म्हणाला, "की ही सभा साथी झावालिशिन यांना त्यांची चूक माफ करत आहे. बाजूने?"

हात वर झाले. कोठाराच्या व्यवस्थापकाचाही झाला. अग्नियाच्या शेजारी बसलेल्या रिम्मा ल्वोव्नाने एक हात वर धरला आणि दुसऱ्याने तिला कोपरखळी मारली. "अगं, हात!"

अग्निया हलली नाही.

"हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस," रिम्मा कुजबुजली. "नाहीतर तटस्थ राहा. डोकं दुखतंय म्हण."

"विरोधात?" त्यूरिनने वर न बघता विचारलं आणि लिहायला लागला. "कुणी नाही. एकमता–"

"मी," अग्निया म्हणाली, आणि तिचा हात वर होता.

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग सगळीकडून एकदम आवाज उठला. "बाईला लाज नाही का?" "स्वतःच्या गुरूला माफ करायला नको म्हणतेय!" "त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली हिने!" मागच्या ओळीतली ध्वनिशास्त्र शिकवणारी म्हातारी बाई तर उभीच राहिली. "कृतघ्न!" ती म्हणाली, अगदी मनापासून. डिसेंबरात ती झावालिशिनांच्या विरोधात सगळ्यात जास्त वेळ बोलली होती.

त्यूरिनने पेन खाली ठेवलं. त्याला जवळजवळ आनंद झाला होता. "म्हणजे, अग्निया प्लातोनोव्ना, तुमच्या मते येर्मोलाय फ्योदोरोविचना माफ करू नये?"

"करू नये."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?"

"ऐकू दे. आणि नीट लिहा." ती उठून उभी राहिली. "यांना माफ करण्यासारखं यांच्या हातून काही घडलेलंच नाही. हा शब्द यांनी शोधला. तो होता हे यांनी सांगितलं, तेव्हा आपण यांना तासन्‌तास उभं करून ठेवलं, आणि आपण दमलो म्हणून यांनी तो सोडून दिला, आपल्यासाठी! ठराव आपण केला. मी केला. तुम्ही केलात. आज माफी मागायची तर या खोलीतल्या प्रत्येकाने उठून यांची मागावी, पुढच्या ओळीपासून मागच्या ओळीपर्यंत. आणि तुम्ही यांना माफ करताय? कशाच्या जोरावर? कोण तुम्ही?"

"बसा खाली," त्यूरिन म्हणाला. आवाज अजून मऊच होता, पण कान लाल झाले होते. "विरोधात एक. शिस्तीचा प्रश्न वेगळा, तो नंतर बघू. ठराव बहुमताने–"

तेवढ्यात पुढच्या ओळीत कडेची खुर्ची करकरली. झावालिशिन उठले. वाचून झालेला कागद त्यांनी चार घड्या घालून खुर्चीवर ठेवला, वळून मागे अग्नियाकडे पाहिलं. मग मंचाकडे तोंड करून हात वर केला.

"तुम्हाला काही बोलायचंय का?"

"नाही. मत देतोय."

"कसलं मत?"

"माफीच्या विरोधात."

सुरईशेजारी बसलेल्या टिपणवाल्या बाईचं पेन हवेतच राहिलं.

"येर्मोलाय फ्योदोरोविच," त्यूरिन समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही आता इथे नोकरीत नाही. तुम्हाला मताचा अधिकार नाही."

"ठाऊक आहे. मोजू नका."

"मग हात खाली करा."

"नाही करणार."

"पासचा प्रश्न आहे. लेखाचा आहे. तुम्ही विचार केलाय का?"

"केलाय." म्हाताऱ्याने क्षणभर डोळे मिटले. राहिलेले पाऊस, धुकं आणि गारा त्या मिटल्या डोळ्यांपुढून गेले असतील, असं अग्नियाला वाटलं आणि तिला रडू फुटलं. "छापू नका. शब्दाला घाई नाही."

"हे बघा, माफी मंजूर झालेली आहे," त्यूरिन आता खरंच वैतागला होता. "बहुमताने. ती नाकारायची तरतूदच नाही!"

"मग तुझ्याकडेच ठेव ती, ग्लेब," झावालिशिन म्हणाले. "तुला लागेल."

त्यूरिनने घाईघाईने सभा संपल्याचं जाहीर केलं. माणसं उठली, ओव्हरकोट शोधायला लागली, कडेच्या खुर्चीकडे न बघता दाराकडे सरकली. रिम्मा ल्वोव्ना जाता जाता अग्नियाच्या खांद्याला हलकेच हात लावून गेली. म्हातारे तसेच उभे होते, काळ्या कोटात, हात वर करून. अग्निया खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली आणि त्यांच्याशेजारी उभी राहिली. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. शेवटी तो थरथरायला लागला, तेव्हा तिने त्यांचं कोपर खालून धरलं.